लवकर निघ

आमच्या लिंबायतच्या घरात सकाळ उजाडायची ती ओरड्यानेच. आप्पांना पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये नेणारी गाडी कोपऱ्यावर येऊन हॉर्न मारायची, गल्लीतले लूम रात्रभर खटखट करून थकायचे नाहीत ते तसेच चालू असायचे, आणि त्या सगळ्यावर माझ्या मायचा आवाज चढायचा, "बिगीबिगी जेवा ना, भाकर थंडी व्हयी ऱ्हायनी!" आप्पा मुळात सावकाश माणूस. कळण्याच्या भाकरीचा एकेक तुकडा ठेच्याला लावून असे खायचे की बघणाऱ्याला वाटावं, आज यांना सुट्टी आहे. बाहेर हॉर्न, आत माय, आणि मध्ये हे. माय शेवटी डबा दारात नेऊन आपटायची आणि म्हणायची, "मीच जास आते मिलमा." मग आप्पा उठायचे. रोज हेच. माझा भाऊ भरत, ज्याला मी दादा म्हणते, तो आप्पांवर गेलेला. बुटाची लेस बांधायला तो जेवढा वेळ लावायचा तेवढ्यात मी वेणी घालून, पाणी भरून, शाळेच्या वाटेला लागलेली असायची. मी मायवर गेले. मला कुणी वेळ लावला की डोक्यात तिडीक जाते, ती अजून जाते. माझ्या दोन्ही पोरी आता कॉलेजात आहेत आणि त्या म्हणतात, आई, तू बोलत नाहीस, तू हाकलतेस.

सुरतेत एकूणच सगळ्यांना घाई. शेजारची गुजराती मावशी पोराला "जल्दी कर ने" म्हणून पिटाळायची, लूमवरचे कामगार एकमेकांना हिंदीत "फटाफट, फटाफट" करायचे, रिक्षावाले तर काही न बोलता नुसते ॲक्सिलरेटर पिळून घाई सांगायचे. या सगळ्यात मी वाढले, त्यामुळे असेल, पण घाई करायला सांगताना कोण कुणाला काय म्हणतं आणि कुठल्या सुरात म्हणतं, याकडे माझा कान लहानपणापासून होता. त्याचा मला पुढे असा उपयोग होईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

माय घरी साड्यांचं काम करायची. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे यायचे, त्यांना लेस शिवायची, टिकल्या-खडे चिकटवायचे, धागे कापायचे. आमच्या जमिनीवर कायम चमचम सांडलेली असायची आणि भातातसुद्धा कधीकधी खडा लागायचा, तो पांढरा नसून गुलाबी असायचा. तयार साड्या पर्वत पाटिया या भागात हंसाबांच्या घरी पोचवायचं काम माझं. हंसाबा म्हणजे ज्या शेठकडून काम यायचं त्याच्या आई. नवऱ्याबरोबर त्यांचं अख्खं आयुष्य पनामा नावाच्या देशात गेलं होतं. तिथे त्यांचं कापडाचं, छत्र्यांचं, बॅगांचं दुकान होतं, ते पुढे त्यांचा पुतण्या चालवू लागला. नवरा गेल्यावर हंसाबा सुरतेला परत आल्या, पण अर्ध्या तिकडेच राहिल्या होत्या. देवपूजा गुजरातीत आणि शिव्या स्पॅनिशमध्ये. शिव्या देताना त्यांचा चेहरा इतका प्रसन्न व्हायचा की मला ती भाषा शिकावीशीच वाटली. मी एकदा विचारलं, "बा, हे काय बोलता?" तर म्हणाल्या, "बेस, दीकरी," आणि समोर थेपल्यांची ताटली सरकवली. त्यांना बोलायला कुणी नव्हतं आणि मला ऐकायला आवडायचं, एवढ्यावर आमचं जमलं. साड्या देऊन लगेच परत यायचं असायचं, पण मी तास-तास बसायची आणि घरी जाऊन बोलणी खायची.

दादाला पनामाच्या दुकानात लावलं तेही हंसाबांनीच. तेव्हा तो लूमवर जायचा आणि त्याला ते काम मानवत नव्हतं. जायचं ठरल्यावर माय आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही. जाण्याच्या दिवशी मात्र फुनके-कढी केली, त्याला पोटभर वाढली, आणि तो लेस बांधत बसला तशी ओरडली, "बिगीबिगी कर ना रे, इमान काय तुन्हा बापनं शे?" विमान काय तुझ्या बापाचं आहे, असं. आप्पा तिथेच उभे होते. सगळे हसले, दादा हसत गेला, आणि मग ती मोरीत जाऊन रडली.

दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. इथे संध्याकाळ असली की तिकडे सकाळ असते. आधी मायशी बोलायचा, मग आप्पांशी दोन वाक्यं, मग मला घरच्या नावाने हाक मारायचा, "सुने, आज काय शिकनी?" मी हंसाबांकडे शिकलेलं बोलून दाखवायची आणि तो दुकानात शिकलेलं सांगायचा. आमचं दोघांचं ते खासगी झालं. मायला वाटायचं आम्ही तिच्याबद्दल बोलतोय. त्या दुकानात इर्मा नावाची तिकडची एक बाई कामाला होती, आडदांड, मोठ्या आवाजाची, आणि ती दादाला दिवसभर पिटाळायची. "आपली मायच शे ती," दादा म्हणायचा, "फक्त पँट घालस." सकाळी दुकानाचं शटर उचलायला त्याला उशीर झाला की ती रस्त्यातून ओरडायची, "अपूराते!" म्हणजे आवर, हल, घाई कर.

मी हंसाबांना विचारलं की माझ्या पुस्तकात तर "घाई कर"साठी "दाते प्रीसा" दिलंय. हंसाबांनी ते जुनं पुस्तक मला दिलं होतं, आणि त्याच त्या पुस्तकावर नाक मुरडायच्या. म्हणाल्या, ते स्पेनवाल्यांचं. आमच्या गिऱ्हाइकाला तसं म्हटलं असतं तर त्याला वाटलं असतं बाई रेडिओवर बोलतेय. "आप्रेसूरेसे" आहे ना, ते सरकारी कचेरीतल्या पाटीवर. "कोर्रे" म्हणजे पळ, ते कुठे आग लागली, कुणी पडलं, तर. आणि "अपूराते" ते घरातलं. जो पोरगा आपल्यासमोर आळस करतोय, ज्याच्यावर आपला हक्क आहे, त्याला. "मारा वरने हुं रोज केहती," त्या म्हणाल्या, आमच्या ह्यांना मी रोज म्हणायची. मग माझ्यावरच खेकसल्या की थेपले गार होतायत, खा.

आता जिभाऊंचं सांगायला हवं. जिभाऊ म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ. लूमच्या कारखान्यात मास्तर होते, अंगाने किरकोळ, पण लिंबायतमधल्या आमच्या खान्देशी लोकांत त्यांच्या शब्दाला वजन. कुणाच्याही घरी मयत झाली की बाहेरगावच्यांना कळवायचा फोन जिभाऊंनी करायचा, हा रिवाजच पडला होता. आणि कळवायचं म्हणजे मेल्याचं कळवायचं नाही. जो माणूस लांबून एकटा निघणार आहे त्याच्या डोक्यावर तो धोंडा द्यायचा नाही, नाहीतर तो वाटेत कुठे पडायचा, गाडीतून उतरताना भान राहायचं नाही. म्हणून फोनवर नेहमी एकच वाक्य. तब्येत जराशी सीरियस आहे, घाबरू नको, लवकर निघ. हे म्हणताना जिभाऊंचा आवाज असा मऊ व्हायचा, इतका सावकाश, की ऐकणाऱ्याला सगळं समजायचं. समजायचं, पण समजलं असं म्हणायचं नसतं. तो नुसता "निघतो" म्हणायचा आणि बॅग भरायला घ्यायचा. आमची आजी गावाकडे वारली तेव्हा दादा लूमवर होता, तिथे जाऊन जिभाऊंनी त्याला हेच सांगितलं होतं, आणि बसमध्ये सहा-सात तास तो जिभाऊंच्या शेजारी बसून होता, आणि दोघांपैकी एकानेही आजीचं नाव काढलं नव्हतं. जिभाऊंना वाईट म्हणू नका. त्यांनी किती जणांना असं धरून नीट घरापर्यंत आणलं, ते मी पाहिलंय.

मी बारावीला होते तेव्हा माय आजारी पडली. आधी दम लागायचा, ती म्हणायची साड्यांच्या केमिकलने लागतो. मग एक दिवस लेस शिवताशिवता मशीनवरच डोकं टेकलं. दवाखान्यात नेलं, आत काचेच्या खोलीत ठेवलं, छातीला वायरी लावल्या. डॉक्टर म्हणाले हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन करावं लागेल, आणि फार थांबता येणार नाही, आठवड्याच्या आत करू. आप्पांनी मान हलवली. मायने हलवली नाही. मला जवळ बोलावून म्हणाली, "भरतले देखसू, मंग काय कापनं ते कापा." भरतला बघेन, मग काय कापायचं ते कापा. डॉक्टरांनी समजावलं, नर्सने समजावलं, आप्पा तर हातापाया पडले. ती म्हणाली, मी टेबलावर गेले आणि उठले नाही तर? माझा पोरगा मला न बघता राहील. सही मी करणार, माझा अंगठा कुणी धरून लावायचा नाही. आणि तोंड भिंतीकडे केलं. डॉक्टर बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, मुलाला बोलवा, लगेच बोलवा.

तर जिभाऊंनी फोन केला. दवाखान्याच्या पोर्चमध्ये, माझ्यासमोर. मी बाजूला उभी होते आणि मला काहीच खटकलं नाही, कारण असले फोन तेच करतात हे आम्हाला पाठच होतं. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "भरत, बेटा, घाबरू नको. मायनी तब्येत जराशी सीरियस शे. तू लवकर निघ." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हे वाक्य खरं म्हणून उच्चारलं असेल. पण आवाज तोच निघाला. पलीकडून काही आलं नाही. "निघतो"सुद्धा नाही. मग फोन कटला. जिभाऊ म्हणाले, निघाला असेल, आणि चहा घ्यायला गेले. मी मात्र तिथेच उभी राहिले. अगं बाई, म्हटलं, दादाला काय वाटलं असेल!

त्यानंतर त्याचा फोन बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी बंद, दुपारी बंद. आप्पा म्हणत होते विमानात असेल. जिभाऊ म्हणत होते विमानात असेल. मला कळत नव्हतं, हे लोक स्वतःला समजावतायत की मला. माझ्या पोरींना हे सांगितलं तर त्या म्हणतात, मग व्हिडिओ कॉल नाही का करायचा, आजीचा चेहरा दाखवायचा. तेव्हाच्या आमच्या फोनात चेहरे नव्हते गं बायांनो, आणि काचेच्या खोलीत फोन न्यायला त्या नर्सने देवालाही दिलं नसतं. संध्याकाळी मायला भेटायची वेळ झाली. मी आत गेले तर ती खिचडीवर चिडलेली. मीठ नाही, फोडणी नाही, ही काय माणसाने खायची वस्तू आहे का, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या कुणी उचलल्या का, की माझ्या मागे सगळं मातीत जाऊ देणार आहात. आणि तो भरत अजून कसा निघत नाही, लेस बांधत बसला असेल. एवढं बोलून तिला दम लागला तशी नर्सने मला बाहेर काढलं. मी तिथून तडक रिक्षा करून हंसाबांच्या घरी गेले.

हंसाबांनी माझं तोंड बघूनच दुकानाचा नंबर लावला. पुतण्या माल आणायला दुसऱ्या गावी गेला होता. फोन इर्माने उचलला. हंसाबांनी थोडं ऐकलं आणि एकदम तोंडावर पदर घेतला. मग रिसीव्हर माझ्या हातात दिला, म्हणाल्या, तूच बोल, तुझा भाऊ आहे. इर्मा भरभर सांगत होती आणि मला निम्मंच कळत होतं, पण तेवढं पुरे होतं. काल तुमच्या घरून फोन आला. बिचाऱ्याची आई गेली. तो न्हाव्याकडे जाऊन डोकं साफ करून आला, अगदी गुळगुळीत. दुकानामागच्या खोलीत जमिनीवर बसलाय. जेवत नाही. जा म्हटलं तर म्हणतो, आता कशाला जाऊ, मी पोचेपर्यंत तिला जाळून झालं असेल.

मी ओरडले, "एस्ता वीवा! एस्ता वीवा!" ती जिवंत आहे. इर्मा तिकडे ओरडली असेल, कारण मला तिचा आवाज लांब जाताना ऐकू आला. परत येऊन ती म्हणाली, मी सांगितलं त्याला, पण तो ऐकत नाही. तो म्हणतो, आमच्याकडे मेल्यावर असंच सांगतात.

आता याला काय करावं! आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मेलेल्यांना फोनवर जिवंत ठेवलं, आणि आता माझी माय खरोखर जिवंत होती तर ते सांगायला एक वाक्य शिल्लक नव्हतं. मी इर्माला म्हटलं, त्याला सांग, लवकर निघ, वेळ नाही. ते सांगून ती आली आणि म्हणाली, आता तर तो रडायलाच लागला. हंसाबा शेजारून सुचवत होत्या, विनवणी करून सांग, देवाची शपथ घाल, हळू बोल, गोड बोल. मी दोनदा हळू, गोड बोलले. दोनदा इर्मा परत येऊन म्हणाली, नाही. फोनमध्ये तिच्या दुकानातलं कुणीतरी छत्रीची किंमत विचारत होतं.

आणि माझं डोकं फिरलं. अहो, तिकडे माय भिंतीकडे तोंड करून बसलीय, डॉक्टर रोज घड्याळ दाखवतायत, आणि हा गाढव जमिनीवर बसून तिचं सुतक पाळतोय! मला त्याचा असा राग आला की तो समोर असता तर मी त्याला मारलं असतं. त्या रागातच मला कळलं. जिभाऊ कधी चिडून बोलत नाहीत. मेलेल्या माणसाच्या घरून येणारा फोन कधीच चिडका नसतो. सगळे मऊ बोलतात, सगळे गोड बोलतात, आणि मी मघापासून तेच करत होते. मी इर्माला म्हटलं, ऐक. तू त्याला सकाळी शटरसाठी ओरडतेस ना, तशीच ओरड. रडू नको, समजावू नको, जवळ घेऊ नको. "अपूराते" म्हण. त्याला म्हण, अपूराते रे गाढवा, तुझी आई भडकलीय. दवाखान्याच्या खिचडीत मीठ नाही म्हणून भडकलीय, गच्चीवरच्या मिरच्या उचलल्या नाहीत म्हणून भडकलीय, आणि म्हणते तू अजून लेस बांधत बसला असशील. मिरच्या आणि खिचडी मला स्पॅनिशमध्ये येईनात. खिचडीला मी भात आणि डाळ म्हटलं. लेसला हंसाबांनी शब्द पुरवला. त्यांना पटत नव्हतं, त्या "अरे अरे, आवुं नहीं बोलाय" म्हणत होत्या, दुःखातल्या माणसाला कुणी असं बोलतं का, पण शब्द मात्र पुरवत होत्या.

मग, देव तिचं भलं करो, त्या बाईने रिसीव्हर तसाच टाकला आणि असली ओरडली, असली ओरडली की हंसाबांच्या दिवाणखान्यात बसून आम्हा दोघींना ऐकू आलं. "अपूराते!" आणि पुढे माझ्यापेक्षा तिने स्वतःचंच बरंच घातलं. मी देवाचं नाव घ्यायचं विसरले. रिसीव्हर कानाला इतका दाबला होता की कान दुखत होता. मग खरखर झाली, कुणीतरी रिसीव्हर उचलला, आणि श्वास ऐकू आला.

"सुने," दादा म्हणाला. आवाज पार बसला होता. "माय खरंच चिडेल शे?"

"मग काय तर! तुझ्यावर तर जास्तच."

"मिरच्यासवर?"

"मिरच्यांवर, खिचडीवर, माझ्यावर, आप्पांवर. नर्सला म्हणाली तुझ्या सासूने शिकवला नाही का स्वयंपाक."

तो काहीतरी विचित्र आवाज काढून हसला किंवा रडला. मग म्हणाला, "मंग जित्ती शे." आणि मी तिथेच हंसाबांच्या मांडीवर डोकं ठेवून भोकाड पसरलं. फोनवर तो "सुने, सुने" करत राहिला, आणि हंसाबांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेऊन त्याला गुजरातीत दम दिला की तिकीट मी बघते, तू बुटात पाय घाल.

तो आला तेव्हा मायला काचेच्या खोलीतून वॉर्डात आणलं होतं, छातीच्या वायरी आणि त्यांचं यंत्र मात्र तसंच होतं. दुसऱ्या दिवशी तरी सही करेल या आशेवर डॉक्टर होते. विमानतळावरून तो रेल्वेने आला, मी स्टेशनवर घ्यायला गेले होते. डोक्यावर टोपी, दाढी वाढलेली, तोंड सुकलेलं. मी म्हटलं, टोपी काढू नको हं, काही झालं तरी. तो म्हणाला, मला काय कळत नाही का. वॉर्डात आप्पा होते, जिभाऊ पायथ्याशी उभे होते. जिभाऊ आले की माय दवाखान्यातसुद्धा डोक्यावरून पदर ओढून घ्यायची, तशी ती पदर घेऊन उशीला टेकून बसली होती. दादा आत आला तशी ती सावरून बसली. नुसती बघत राहिली, दोन्ही डोळे भरून. मग हात पुढे केला. तो कॉटशेजारी बसला, तिने त्याच्या गालावरून, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "टोपी काढ. दवाखानामा कोनी टोपी घालीसन येस का?"

"ऱ्हाऊ दे ना माय. थंडी वाजस."

सुरतेत, चैत्रात! मायने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जिभाऊंकडे पाहिलं, आणि टोपी ओढून काढली. खाली नुसते खुंट. मागे शेंडीएवढे केस मात्र ठेवलेले, ते त्या परदेशातल्या न्हाव्याला त्याने कसं समजावलं कोण जाणे. आमच्याकडे तसं डोकं पाहिलं की कुणाला काही विचारावं लागत नाही.

माय म्हणाली, "कोन मरनं रे?"

दादाने खाली मान घातली. "तू," म्हणाला.

जिभाऊंना ते सोसलं नाही. एवढी वर्षं सगळ्या लिंबायतला धीर देणारा माणूस, तो कॉटचा दांडा धरून हमसून हमसून रडायला लागला. "बाई, मन्ही चूक, मन्हा तोंडनी चूक," एवढंच म्हणत राहिले. आप्पांनी त्यांना धरलं. मी मायकडे बघत होते, मला भीती वाटत होती की आता हिचं हृदय थांबतं. आणि ती हसायला लागली. आधी पदराआड, मग उघड. वायरी हलल्या, ते यंत्र टिकटिकायला लागलं, नर्स धावत आली आणि सगळ्यांवर ओरडली. माय हसत हसत दादाच्या डोक्यावरून उलटा हात फिरवत होती, खुंट टोचत होते तरी. "बरं व्हयनं," म्हणाली. "मन्हं समदं करी टाकं तू. आते माले मराना धाक नही. बोलाव तुन्हा डॉक्टरले, कोठे सही करनी शे?" आणि मग जिभाऊंकडे न बघता, पदर पुढे ओढून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जिभाऊ, आजपासून आपला घरना फोन मन्ही पोर करी."

आमच्या घरात बाईने थोरल्या दिराला असं सांगायची पद्धत नव्हती. आणि बारावीतल्या पोरीवर असलं काम टाकायची तर नव्हतीच नव्हती. पण जिभाऊंनी डोळे पुसले आणि मान हलवली. ऑपरेशन झालं. माय उठली, घरी आली, पुन्हा मशीनवर बसली, पुढे डिंडोलीला आम्ही घर घेतलं तिथे गच्चीवरून शेजारणींशी भांडली, माझं लग्न केलं, दादाचं केलं, नातवंडांना पिटाळलं. जिभाऊ गेले त्याचा फोन मी केला. आप्पा गेले त्याचाही मीच केला. सोपं नव्हतं, आणि सरळ सांगते, दर वेळी मला जिभाऊंची आठवण यायची आणि वाटायचं, त्यांच्यासारखं मऊ खोटं बोलून फोन ठेवून द्यावा. तेही प्रेमच होतं.

माय गेली ती डिंडोलीच्या घरात, दुपारी, भाजी निवडता निवडता. आता पनामात चेहरा दाखवणारे फोन झाले होते, पण मी चेहऱ्याचा लावला नाही. दादा तिकडे झोपेत होता. त्याने उचलला आणि म्हणाला, "काय व सुने?"

मी म्हटलं, "दादा, माय गेली."

तो लहान पोरासारखा म्हणाला, "खरंच?"

"खरंच," मी म्हटलं. "जाळायला नेलं नाही अजून. तू येईपर्यंत तिला ठेवतोय. पण आत्ता लगेच उठू नको. बस जरा. रडून घे. मी फोन ठेवत नाही."